चौदा नंबरचा कॅल्क्युलेटर

कुरुळी
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सर, नमस्कार.

तुमचा फोन लागत नाही. मेसेजला एकच टिक येते. शेवटी ऑफिसातल्या शिपाईमामांकडून तळेगावचा पत्ता घेतला. कशाला पाहिजे म्हणाले, तर वही परत द्यायची आहे असं सांगितलं. वही वगैरे काही नाही. मी स्नेहल मुंगसे, दुसऱ्या बाकावरची.

तुम्ही शाळा सोडलीत हे आम्हाला बुधवारी कळलं. कोऑर्डिनेटर जयमाला मॅडम वर्गावर आल्या आणि म्हणाल्या, ओव्हाळ सर यापुढे येणार नाहीत, मेच्या परीक्षेपर्यंत दुसरे सर गणित घेतील. कारण सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

माझ्याबद्दल तुमच्या कानावर काय आलंय मला माहीत नाही. मला ऑफिसात बोलावलं तेव्हा टेबलापलीकडे चार जण बसले होते. सगळे इंग्रजीतून विचारत होते. पूर्वपरीक्षेच्या पेपरला तुझ्या कॅल्क्युलेटरमध्ये मजकूर सापडला तो कुठून आला, पेपरच्या आधी मेमरी साफ केली होती का, ओव्हाळ सरांनी तपासलं होतं का. एकदम इतकं विचारल्यावर कुणीही गोंधळेल. मीही गोंधळून काहीतरी बोलले असेन. नक्की काय बोलले ते आता नीट आठवत नाही.

नवे सर आधी फळ्यावर आलेख काढतात आणि कॅल्क्युलेटरच्या मशीनवर घरी बघा म्हणतात. तुम्ही उलटं करायचात. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही कपाटातून चौदा नंबरचा कॅल्क्युलेटर काढून माझ्या हातात दिलात. म्हणालात, साध्यावर आकडा येतो, याच्यावर चित्र येतं. मी समीकरण टाकलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर डावीकडून ठिपका-ठिपका करत रेघ वर चढत गेली. मी दहावीपर्यंत मराठी शाळेतली. वाकडच्या या इंटरनॅशनल शाळेच्या वर्गात इंग्रजी न बोलता जमलेली माझी ती पहिली गोष्ट.

मग तुम्ही म्हणालात, घरातलं काहीतरी मोजून आण. आप्पा चाकणला भट्टीवर कामाला आहेत, त्यांनी शिफ्टमध्ये दर दहा मिनिटांनी तापमान लिहून आणलं. मी त्यावर वक्र बसवला आणि भट्टी अर्ध्या तासाने किती गार होईल ते सांगितलं. चार अंशांचा फरक पडला. आप्पांनी तो कागद सुपरवायझरला नेऊन दाखवला होता.

हे सगळं आत्ता का लिहितेय कळत नाही. तुमच्याविषयी माझ्या मनात काही वाईट नाही, एवढंच. दोन ओळी तरी पाठवा.

आपली विद्यार्थिनी,
स्नेहल


कुरुळी
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

सर,

पत्र तुम्हाला मिळालंय. पोस्टाच्या नोंदीत तुमची सही दिसते. तुम्ही उत्तर देत नाही म्हणजे तुम्हाला सगळं माहीत आहे.

मग एक सांगते. मजकूर माझाच होता, आणि तो चुकून राहिलेला नव्हता.

गणिताची उत्तरं त्यात नव्हती सर. वाक्यं होती. आपल्या पेपरला उत्तर काढल्यावर 'याचा अर्थ काय ते लिहा' म्हणून वेगळे मार्क असतात. आलेखाचा उतार ऋण आला म्हणजे काय, हे मला कुरुळीच्या कुठल्याही माणसाला समजावता येईल. इंग्रजीत लिहायला घेतलं की माझी दोन वाक्यं होतात आणि तिसरं अडकतं. पहिल्या सत्रात सगळी उत्तरं बरोबर येऊनही माझे अकरा मार्क गेले. तुम्ही म्हणाला होतात, हे सरावाने येईल. मला तेवढा वेळ नव्हता. मार्क कमी झाले तर माझी फी माफी जाते. म्हणून चाळीस वाक्यं मशीनमध्ये लिहून ठेवली. अर्थशास्त्राच्या मॅडम बाकांमधून फिरत होत्या, त्यांना आलेखाच्या जागी अक्षरं दिसली.

आता दुसरं. हर्षालीला तुम्ही ओळखता, शाळेशेजारच्या टॉवरमध्ये राहते ती. पेपरला माझ्या मागे होती. शुक्रवारी कँटीनमध्ये ताट घेऊन शेजारी बसली.

"तुझ्या मशीनमध्ये जे आहे ते मला टाकून दे. मेच्या पेपरसाठी."

"काही नाहीये त्यात."

"मी मागे होते, स्नेहल. सर तुझ्या बाकाशी आले तेव्हा तू काय केलंस ते मी पाहिलंय."

मी जेवत राहिले.

"नाही दिलंस तर मी मॅडमना सांगणार," ती म्हणाली. "मग तुझी फी माफी राहते का बघू."

ती हसून, हळू बोलत होती. समोरच्या मुलींना वाटलं असेल आमच्या गप्पा चालल्यात.

तिने काय पाहिलं ते या पत्रात लिहायचं ठरवून बसले होते. जमत नाही.

स्नेहल


कुरुळी
शनिवार, १ मार्च २०२५

सर,

पेपरच्या आधी मशीनची मेमरी पुसायची, मग पडद्यावर 'मेमरी साफ झाली' अशी इंग्रजी ओळ येते आणि खाली सगळं रिकामं. तपासणारा ती ओळ बघून यादीवर खूण करतो. मी एक प्रोग्रॅम लिहिला. तो चालवला की हुबेहूब तीच ओळ येते, तसाच रिकामा पडदा दिसतो. आत काहीच पुसलेलं नसतं.

प्रोग्रॅम लिहायला तुम्हीच शिकवलं होतं. चार संध्याकाळी लागल्या. ओळ एक घर डावीकडे येत होती, ती सरकवून घेतली. ती बरोबर जागेवर बसली तेव्हा मला आनंद झाला होता. लपवायचं नाही म्हटलं तर हेही लिहायला हवं.

सत्तावीस जानेवारीला तुम्ही यादी घेऊन माझ्यापाशी आलात. मी ती ओळ आणून ठेवलेलं मशीन तुमच्यासमोर धरलं. तुम्ही पडदा बघितलात, खूण केलीत आणि पुढे गेलात. म्हणजे तुम्ही तपासलं होतं. आणि तीन दिवसांनी ऑफिसात त्या चौघांपुढे मी म्हणाले, "सरांनी माझं तपासलंच नाही. म्हणाले, तुझं राहू दे. वाक्यं सरावाची होती, पुसायची राहून गेली."

मला सगळं नीट आठवतं. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं.

'तुझं राहू दे' हे मी तिथल्या तिथे रचलं. ते ऐकल्यावर त्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग मला काही विचारलंच नाही. एक जण हिंदीत तुमचं आडनाव घेऊन काहीतरी म्हणायला लागले आणि मध्येच थांबले. सर, तुमचं आडनाव दुसरं असतं तर त्यांना हे इतक्या लवकर पटलं असतं का, असं तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. मला कळत होतं आणि मी त्याचा फायदा घेतला.

नंतर तुम्हाला बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले होते. आत जाताना तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत, घाबरू नको अशी. दहा मिनिटांनी बाहेर आलात तेव्हा माझ्याकडे बघितलं नाहीत. मला फेरपरीक्षा दिली. तुमची नोकरी गेली.

हर्षालीने सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. दोन मशीन केबलने जोडायची आणि पाठवायचं, दोन मिनिटांचं काम. दिलं की ती कुणाला सांगणार नाही, कारण मग तीही त्यात आली. मग मेची परीक्षा, मग कॉलेज. माझ्या मनात सारखं हेच येतंय, हे तुम्हाला कळलेलं बरं.

घरी कुणाला काही माहीत नाही. आई विचारते, जेवत का नाहीस. मी अभ्यासाचं सांगते.

स्नेहल


कुरुळी
गुरुवार, ६ मार्च २०२५

सर,

सोमवारी हर्षाली गेटपाशीच उभी होती, केबल घेऊन.

"आणलंस?"

"मी मॅडमकडे चाललेय."

तिचा चेहरा उतरला. "माझं नाव घेणार?"

"नाही."

"वेडी आहेस तू," ती म्हणाली, आणि मॅडमच्या केबिनपर्यंत माझ्या मागे आली. आत आली नाही.

जयमाला मॅडमना मी प्रोग्रॅम चालवून दाखवला. मग वाक्यं उघडून दाखवली. त्या म्हणाल्या, पुन्हा करून दाखव. पुन्हा करून दाखवलं. त्यांनी उठून दार लावलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"मी ओव्हाळ सरांना लिहिलंय."

त्या परत खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "हे बघ, त्यांनी राजीनामा दिलाय. फाइल बंद झाली. तू हुशार आहेस, मेमध्ये पेपर दे आणि पुढे जा. हे आता परत उघडलं तर तुझं नुकसान, शाळेचं नुकसान, आणि त्यांचाही काही फायदा नाही."

बोलता बोलता त्यांनी मशीन हातात घेतलं आणि बटणं दाबली. मेमरी पुसायची, खरीखुरी. मी समोर उभी होते. मला वाटलं त्या बघतायत. मशीन परत माझ्या हातात दिलं.

"आता यात काही नाही," त्या म्हणाल्या. "वर्गात जा."

सर, मी वर्गात गेले. दोन तास बसले. आणि खरं सांगते, पहिला अर्धा तास मला सुटल्यासारखं वाटलं. माझं सांगून झालं होतं, त्यांनी नको म्हटलं होतं, आता माझ्याकडे काही राहिलं नव्हतं. मग लक्षात आलं की प्रोग्रॅम मला पाठ आहे.

संध्याकाळी घरी सांगितलं. आप्पा पहिल्या शिफ्टवरून आले होते, चहा पीत होते. सगळं ऐकून कप खाली ठेवला.

"आता कशापायी उकरतीस?" म्हणाले. "मॅडमच नको म्हनती ना? मास्तरला दुसरी नोकरी मिळंल. तुला दुसरी शाळा न्हाई मिळायची."

"आप्पा, मी त्यांच्यावर खोटं घातलं."

"व्हय, घातलंस. मग मला इचारून घातलंस का? आन् आता सांगायला मला इचारतीस."

आई चुलीकडे तोंड करून होती. ती म्हणाली, "त्या मास्तरनं घरी काय सांगितलं आसंल?"

आप्पा उठून बाहेर गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काल मी अर्ज लिहिला, शाळेच्या ट्रस्टच्या नावाने. सगळा प्रकार मराठीत लिहिला आणि शेवटी पूर्ण प्रोग्रॅम, ओळीने. मॅडमनी मशीन पुसलं तेही लिहिलं. मी अजून अठराची नाही, पालकाची सही पाहिजे. कागद आप्पांपुढे ठेवला. त्यांनी प्रोग्रॅमवरून बोट फिरवलं.

"हे तू केलंस?"

"व्हय."

"येवढं डोकं." पेन मागितलं. सही केली. आज चाकणच्या पोस्टातून रजिस्टर केलं.

स्नेहल


कुरुळी
गुरुवार, २० मार्च २०२५

सर,

ट्रस्टने मंगळवारी बोलावलं. आप्पांनी सुट्टी टाकली. सात जण होते. जयमाला मॅडम म्हणाल्या, मुलीवर ताण आलाय, कशाचा काही पुरावा नाही. मी म्हटलं, कुठलंही मशीन द्या. त्यांनी कपाटातलं एक आणून दिलं. मी त्यांच्यासमोर बसून सगळा प्रोग्रॅम टाइप केला. पाऊण तास लागला. दोनदा चुकलं, परत पुसून लिहिलं. कुणी उठलं नाही. चालवला. ओळ आली. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी ते मशीन हातात घेऊन स्वतः तपासलं आणि शेजारच्याला दिलं.

निकाल असा. मला मेच्या परीक्षेला बसता येणार नाही, नोव्हेंबरला बसायचं, घरून अभ्यास करून. फी माफी रद्द. तुमच्यावरचा ठपका काढल्याचं पत्र तुम्हाला पाठवणार आहेत. त्यात 'गैरसमजातून' असा शब्द होता. मी म्हटलं, गैरसमज नव्हता, मी खोटं बोलले. तो शब्द त्यांनी तसाच ठेवला.

वाचून दाखवताना तुमची फाइल उघडी होती. तुमचं निवेदन मला दिसलं. एकच ओळ होती, 'जबाबदारी माझी आहे,' आणि खाली सही. सर, तुम्ही भांडला का नाहीत? तुम्ही तपासलं होतं. तुम्हाला नुसतं तेवढं सांगायचं होतं.

परतीच्या वाटेवर आप्पांनी गाडी मोशीला थांबवली, मला उसाचा रस पाजला. म्हणाले, नोव्हेंबर काय लांब न्हाई. त्यांचे डोळे लाल होते. मी बघितलं नाही असं दाखवलं.

स्नेहल


तळेगाव दाभाडे
२६ मार्च २०२५

स्नेहल,

तुझी पाचही पत्रं मिळाली. शाळेचंही मिळालं. मी तिथे परत जाणार नाही. इथे स्टेशनजवळ क्लास घेतो, मुलं वाढतायत.

भांडलो का नाही विचारलंस. पेपरच्या आधी नुसता पडदा बघायचा नाही, तपासणाऱ्याने स्वतः बटणं दाबून मेमरी पुसायची, असा लेखी नियम आहे. त्या दिवशी वर्गात बावीस मुलं होती. एकवीस जणांची मशीन मी हातात घेऊन पुसली. तुझं घेतलं नाही, कारण ते तुझं होतं. 'तुझं राहू दे' असं मी तोंडाने म्हणालो नव्हतो, पण केलं तेच. त्यांनी तुझं वाक्य मला वाचून दाखवलं तेव्हा मला बोलायला जागा राहिली नाही.

तू काय केलं असशील ते मला त्याच संध्याकाळी समजलं. मी सांगितलं असतं तर तुला काढून टाकलं असतं. मी थांबलो. मला वाटलं तू सोमवारपर्यंत येशील. नाही आलीस. मग मला राग आला, आणि तो अजून आहे. तो गेला असं लिहिणार नाही.

एक काम सांगतो. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. माल त्यांच्या सहीने बाहेर जायचा. न बघता सही केली म्हणून मुलाची नोकरी गेली, एवढंच त्यांना बाहेरून कळलं. तेव्हापासून ते माझ्याबरोबर जेवायला बसत नाहीत. शाळेचं पत्र दाखवलं. वाचून म्हणाले, शाळा काय, काहीही लिहून देईल.

शनिवारी सकाळी अकराला घरी ये. तू त्यांना सांग. मी क्लासवर असेन. मी तिथे असलो तर ते तुझ्याकडे बघणार नाहीत, माझ्याकडे बघतील. माझी चूक झाकू नकोस. तीही सांग.

भीमराज ओव्हाळ


तळेगाव दाभाडे
शनिवार, २९ मार्च २०२५

सर,

हे पत्र तुमच्याच घरी बसून लिहितेय. तुमच्या बाबांनी कागद दिला. म्हणाले, काय झालं ते त्याला लिहून ठेव, मला फोनवर बोलता येत नाही.

आप्पांनी मोटारसायकलवर आणलं. त्यांना आत या म्हटलं तर ओट्यावरच बसले. बाबा खुर्चीत होते. मी नाव सांगितल्यावर त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं. सगळं, वाक्यांपासून. प्रोग्रॅमचं त्यांना समजेना, तेव्हा मी म्हटलं, समजा माल खराब आहे आणि त्याच्यावर कुणीतरी पास झाल्याचा शिक्का हुबेहूब बनवून मारला. ते एकदम पुढे झुकले.

"शिक्का तू बनवलास?"

"हो."

"आणि त्याने शिक्का बघून सोडलं. गेज लावून मोजलं नाही."

"नाही लावलं. बाकी एकवीस जणांना लावलं. मला नाही."

"का?"

"माझ्यावर विश्वास होता म्हणून."

ते मागे टेकून बसले. मग म्हणाले, त्यांच्या हाताखाली एक मुलगा होता, चांगलं काम करायचा. त्याचा माल ते तीन वर्षं उघडून बघत नव्हते. कधी काही निघालं नाही. "निघालं असतं," म्हणाले, "तर मी पण घरी बसलो असतो."

मग त्यांनी विचारलं, मी ऑफिसात तुमच्याबद्दल नक्की काय बोलले. मी ते वाक्य म्हटलं. त्यांनी परत म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा म्हणताना मला रडू आलं. त्यांनी थांब वगैरे म्हटलं नाही. पूर्ण होऊ दिलं. ओट्यावर आप्पांनी ते ऐकलं. तोपर्यंत त्यांनी ते माझ्या तोंडून शब्दाला शब्द ऐकलेलं नव्हतं. ते उठून दारात आले आणि बाबांना हात जोडून म्हणाले, "पोरगी माझी हाय. चूक आमच्या घरची हाय."

बाबांनी आप्पांना खुर्ची दिली. मला म्हणाले, "तू अजून उभी का?"

आता दोघं भट्टीबद्दल बोलतायत. बाबांच्या कारखान्याचा माल आप्पांच्या भट्टीवर कडक करायला यायचा असं निघालं. तुमच्या मिसेस स्वयंपाकघरात आहेत. माझ्याशी अजून बोलल्या नाहीत. पाणी दिलं.

तुम्ही यायच्या आत आम्ही निघू. राग गेला नाही असं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी नोव्हेंबरचा अभ्यास करतेय. वाक्यं रोज पाच लिहिते.

बाबांचा निरोप, त्यांनी सांगितला तसाच लिहिते: "भीमराज, क्लास सुटला की सरळ घरी ये. मी जेवायचा थांबलोय."

स्नेहल